महेश्वरची सुट्टी

(आपल्या बिलासपूरच्या मंडळात २०२५ च्या गणेशोत्सवात, ३० ऑगस्ट रोजी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदा पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या जन्माला ३०० वर्षे झाली. त्यानिमित्ताने प्रत्येकाने दहा-पंधरा मिनिटे बोलावे असे कार्यवाहांनी ठरवले. मी पडलो पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेतलेला पी-वेचा माणूस. आयुष्य रूळ, स्लीपर आणि खडी यांत गेले. इतिहासावर बोलायला आपल्यात प्राध्यापक मंडळी बसलेली आहेत. म्हणून मी एवढेच सांगणार आहे, की अहिल्यादेवींच्या महेश्वरला दोन मुले, सौ. आणि ७२ वर्षांची आई यांना घेऊन आम्ही कसे गेलो. किंवा खरे म्हणजे, आधी कसे गेलो नाही.

रेल्वेवाल्याच्या सुट्टीची कथा इथल्या निम्म्या घरांना ठाऊक आहे. पावसाळ्यात मान्सून पेट्रोलिंग, हिवाळ्यात कोल्ड वेदर पेट्रोलिंग, उन्हाळ्यात हॉट वेदर पेट्रोलिंग. चौथा ऋतू रेल्वेत नाही. तरी २०२२ साली मी घरच्यांना पुरी, कोणार्क, चिलिका असे फिरवून आणले. तीन दिवसांत अकरा ठिकाणे. ऑफिसात ब्लॉकचा कार्यक्रम आखतो तसा कागद केला होता, प्रत्येक ठिकाणासमोर आगमन आणि प्रस्थान. कोणार्कला धाकट्याला ताप भरला, आणि मोठी, जी तेव्हा सातवीत होती, मला म्हणाली, “बाबा, हे फिरणं नाही, तुमचं इन्स्पेक्शन आहे.” मला राग आला. राग येण्याचे कारण उघड आहे.

पुढच्या वर्षी, २०२३ च्या दिवाळीत, महेश्वर ठरले. आईला नर्मदास्नान करायचे होते. धाकट्याला नावेत बसायचे होते. रजा मंजूर, पास हातात, आरक्षण झालेले. आणि निघायच्या दोन दिवस आधी माझ्या सेक्शनमध्ये एका मोठ्या कामाचा ब्लॉक लागला. साहेबांनी मला थांबायला सांगितले नव्हते, हे मुद्दाम सांगतो. “तू जा, आम्ही बघतो,” असेच ते म्हणाले. मलाच वाटले की माझ्याशिवाय काम होणार नाही. मी थांबलो, म्हणून सगळेच थांबले. आमच्या गँगमधले जुने ट्रॅकमन आजही म्हणतात, की मी नसतो तर तो ब्लॉक अर्धा तास आधी सुटला असता.

यापुढचा भाग, चिरंजीव आत्ता मागच्या खोलीत चित्रकला स्पर्धेला बसले आहेत, म्हणून सांगतो. (स्मरणिकेला देण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवला. “चालेल” म्हणाले, फक्त नाव घालायचे नाही या अटीवर.) दिवाळीनंतर महिनाभराने त्याच्या दप्तरात पेन्सिल शोधताना हिंदीची वही हाताला लागली. ‘मेरी छुट्टियाँ’ हा निबंध. दुसरीतला मुलगा, आठ-दहा ओळी. आम्ही महेश्वरला गेलो, नदी फार मोठी होती, आम्ही नावेत बसलो, नाव पापांनी चालवली, दादी घाबरली, मी घाबरलो नाही. खाली बाईंचा लाल शेरा: ‘बहुत सुंदर’. बाईंनी तो वर्गात वाचूनही दाखवला होता, हे मोठीने नंतर सांगितले.

मी वही जागच्या जागी ठेवली. त्याला आजतागायत काही विचारले नाही. सौ.ला मात्र रात्री सांगितले. ती एवढेच म्हणाली, “पुढच्या दिवाळीला कागद करू नका.”

पण कागद केल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही. म्हणून २०२४ मध्ये कागद केला, पण उलटा. काय करायचे नाही त्याची यादी. एकाच गावात राहायचे, रोज सामान बांधायचे नाही. रोज एकच गोष्ट ठरवायची, तीही सकाळी. दुपार कोणालाही द्यायची नाही. वाटेत इंदूरचे नातेवाईक करायचे नाहीत, त्यांची क्षमा मागून. मला स्वतःला पाताळपाणी ते कालाकुंड हा मीटरगेजचा जुना घाट बघायचा होता. महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० मध्ये एक कोट रुपये कर्जाऊ दिले, त्यातून झालेल्या होळकर स्टेट रेल्वेचा तो भाग. मोठी म्हणाली, “बाबा, सुट्टीत पण रूळ?” खोडला. सहकारी मंडळी समजून घेतील. जोडाच्या रुळांत आम्ही थंडीत फट सोडतो ती उन्हाळ्यासाठी. फट सोडली नाही तर रूळ ऐन उन्हात वाकडा होतो. हे मी वीस वर्षे गँगला शिकवत आलो आणि घरी मात्र रूळाला रूळ भिडवून ठेवत होतो.

गाडीचे नाव नर्मदा एक्सप्रेस. बिलासपूर ते इंदूर हजारेक किलोमीटर, घाई असलेल्याने या गाडीच्या वाटेला जाऊ नये. आम्हाला घाई नव्हती. भंवरटंकचा घाट आणि बोगदा गेला की पेंड्रा रोड, अमरकंटकला जाणारे तिथे उतरतात. म्हणजे नदी उगमापाशी सोडायची, आणि १३१२ किलोमीटरच्या तिच्या वाटेवर पुढे महेश्वरला गाठायची. मोठीने शाळेचा नकाशा बरोबर घेतला होता. आपली गाडी नर्मदा दोनदा ओलांडते, एकदा जबलपूर सोडल्यावर आणि पुन्हा नर्मदापुरम, म्हणजे जुने होशंगाबाद, ते बुधनी यांच्यामध्ये, हे तिने शोधून काढले. वीस वर्षे रेल्वेत असून माझ्या हे डोक्यात नव्हते. दोन्ही पूल गेले तेव्हा चिरंजीव झोपेत होते.

इंदूरहून गाडी ठरवली. महेश्वर तिथून नव्वदेक किलोमीटर. मानपूरच्या पुढे घाट उतरला की माळवा संपतो आणि निमाड लागते, हवेतला फरक काच खाली केली की कळतो. घाटात मुलांना मळमळते, आल्याच्या वड्या आणि रिकाम्या पिशव्या हाताशी असाव्यात. राहायची जागा निवडताना मी एकच चौकशी केली: घाटापर्यंत पायऱ्या किती? किल्ल्यावरून नदीपर्यंतचा उतार आईच्या गुडघ्यांना रोज दोनदा झेपणारा नव्हता. पाण्याजवळची साधी खोली घेतली. पंखा कुरकुरत होता, पण आई पहाटे एकटी उठून घाटावर जाऊन बसत असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला “नर्मदे हर” म्हणत असे. दुसऱ्या दिवशी अर्धे गाव तिला ओळखत होते. सकाळच्या पोह्यांबद्दल तिचे मत मात्र शेवटपर्यंत बदलले नाही. बडीशेप घातलेल्या, वाफेवर ठेवलेल्या पोह्यांना ती पोहे म्हणायला तयार नाही. जिलेबीबद्दल तक्रार नव्हती.

अहिल्यादेवींचा राजवाडा पाहून धाकट्याची निराशा झाली. लाकडी खांबांचा, आपल्याकडच्या सुखवस्तू वाड्यासारखा वाडा. “राणी होती ना? मग एवढंच घर?” आईने जोत्यावर बसून सांगितले, की आपण काशीला ज्या विश्वनाथाचे दर्शन घेतो ते आजचे देऊळ १७८० साली हिनेच बांधून दिले. १७६७ पासून १७९५ मध्ये देह ठेवीपर्यंत हिने इथून राज्य केले आणि पैसा लावला तो घाटांना, देवळांना, धर्मशाळांना. “स्वतःच्या घराला काय लावायचा?” माझ्याकडे बघून हे का म्हणाली कळले नाही. आम्ही नुकतीच स्वयंपाकघराची फरशी बदलली होती. खाली घाटाकडे उतरताना विठोजी होळकरांची छत्री लागते. पुण्यात १८०१ साली दुसऱ्या बाजीरावाने ज्यांना हत्तीच्या पायी दिले तेच विठोजी. मुलांनी त्यावर इतके प्रश्न विचारले की माझा इतिहास तिथेच संपला.

दुपार मोकळी ठेवण्याचा फायदा तिसऱ्या दिवशी दिसला. किल्ल्याच्या आवारात रेहवा सोसायटीचे माग आहेत. १९७९ साली रिचर्ड आणि सॅली होळकरांनी महेश्वरी विणकाम सावरण्यासाठी ही संस्था सुरू केली. सौ.ला साडी बघायची होती, मोठी तोंड वाकडे करून आली होती. तिथे विणकर बाईंनी तिला सांगितले, की काठावरची ही वीट, ही चटाई, ही लहर, हे सगळे किल्ल्याच्या दगडात आणि समोरच्या नदीत आहे, जाऊन बघ. पोरगी खरोखर बाहेर गेली, भिंतीवर चटाईची वीण शोधून परत आली, आणि दोन तास मागाशेजारून हलली नाही. महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो, तो का, हे तिने त्या बाईंकडून समजून घेतले आणि रात्री मला वहीत आकृती काढून समजावले. मला अर्धे कळले. दुसऱ्या दिवशी मांडूला जायचे ठरत होते, चाळीसेक किलोमीटर. “मांडू नको, मला परत मागावर जायचंय,” असे ती म्हणाली. नववीतली मुलगी स्वतःहून काही मागते आहे, हे आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून घेतले. मांडू गेले. सौ.ला ते अजून लागून आहे, आणि तिचे चूक नाही.

आता पाण्याबद्दल, आणि हे पालकांनी नीट ऐकावे. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही खालच्या पायरीवर पाय सोडून बसलो होतो. चपला पायरीवर काढलेल्या. पाऊस नाही, आभाळ स्वच्छ. थोड्या वेळाने बघतो तो ती पायरी पाण्याखाली आणि धाकट्याचा एक सँडल निघाला भरूचच्या दिशेने. तो पकडायला तो वाकला. पायरीला शेवाळ. मी त्याची कॉलर धरली, तीही नशिबाने, कारण मी बघत होतो समोरच्या दिव्यांकडे. शेजारचा नाववाला शांतपणे म्हणाला, “बाबूजी, ऊपर से पानी छोड़ा है.”

वर ओंकारेश्वर आणि इंदिरासागर ही धरणे आहेत. वीज करायला पाणी सुटले की खाली पातळी चढते. ऋतूशी, पावसाशी तिचा संबंध असेलच असे नाही. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला अमावस्येच्या मेळ्यात असेच धरणाचे पाणी आले आणि पन्नासहून अधिक यात्रेकरू गेले. ही बातमी मी त्या वेळी वाचली होती. तरी घाटावर बसताना आठवली नाही. गाडी येणार नाही असे गृहीत धरून रुळावर कोणी बसले तर मी त्याला मेमो देईन. त्या दिवसापासून नियम केला: पाण्याजवळ जायच्या आधी नाववाल्याला विचारायचे, आईचे स्नान लोटीने वरच्या पायरीवर, मुलांचा हात एका मोठ्या माणसाच्या हातात, आणि तो मोठा माणूस त्या वेळी दुसरे काही बघणार नाही. फोन तर नाहीच. या एका बाबतीत मी मोकळीक ठेवली नाही. मोठीने “इन्स्पेक्शन” म्हटले नाही.

चौथ्या दिवशी सकाळी, पाणी खाली आहे याची खात्री करून, नाव. पात्राच्या मध्यावर खडकावर बाणेश्वराचे छोटे देऊळ आहे, तिथपर्यंत. मी लाइफ जॅकेटशिवाय बसणार नाही म्हटल्यावर नाववाल्याने शेजारच्या नावेतून मागून आणली, भगवी, मोठ्या मापाची. धाकटा त्यात दिसेनासा झाला. नाव सुटली आणि तो नाववाल्याला ऐटीत म्हणाला, “मैं पहले भी आया हूँ.”

मोठीने तोंड उघडले. सौ.ने तिला चिमटा काढला. आई नदीकडे बघत होती.

“अच्छा? कब?” नाववाला.

“पिछली दिवाली. तब पापा ने नाव चलाई थी.”

नाववाल्याने माझ्याकडे पाहिले. मी काय सांगणार? इंजिन बंद करून त्याने वल्ही माझ्या हातात दिली. मंडळी, रूळ जोडणे वेगळे आणि नाव वल्हवणे वेगळे. नाव जागच्या जागी गोल फिरली, दोनदा. आई खरोखर घाबरली आणि तिने मोठ्याने नर्मदाष्टक सुरू केले. धाकटा जॅकेटातून हसत होता. तळहाताला फोड आले, ते मी ड्यूटीवर आठवडाभर कोणाला दाखवले नाहीत. नाववाल्याने उतरताना पैसे ठरल्यापेक्षा कमी घेतले, अर्धे काम तुम्हीच केले म्हणाला.

मला एवढेच सांगायचे होते. जाता जाता कामाचे: नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवसांचे झाले आहे. आज ३० ऑगस्ट, म्हणजे २९ ऑक्टोबरपर्यंतचे आरक्षण खुले आहे, आणि भाऊबीज आहे २३ तारखेला. ज्यांच्या घरी वडीलधारी आहेत त्यांनी खालच्या बर्थसाठी आज रात्रीच घरी जाऊन बसावे, आरती झाल्यावर. आणि तिकडे जाणाऱ्यांपैकी कोणी मांडू करून आले, तर कृपा करून आमच्या सौ.ला फोटो दाखवू नयेत.

गणपती बाप्पा मोरया!