नोकरी नको, माहिती द्या

नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींशी माझं गेली बरीच वर्षं बोलणं होत आलं आहे. अर्ज किती केले, असं विचारलं की आकडा चटकन सांगतात. माणसं किती भेटलात, असं विचारलं की गप्प होतात. मग दोनांपैकी एक उत्तर येतं. 'आमची कुठे ओळखच नाही हो', हे एक. दुसरं जरा ताठ मानेनं दिलेलं, 'मला वशिल्यानं नोकरी नकोय.' या दुसऱ्या उत्तराचं मला कौतुक आहे. पण मंडळी, दोन्ही उत्तरांत ओळख म्हणजे वशिला हे गृहीतच धरलेलं असतं. कुणाकडे आपला शब्द टाकणं हे ओळखीचं एक काम झालं. माझ्या मते ते तिचं सगळ्यात कमी महत्त्वाचं काम.

ओळखीनं नोकरी लागणं ही आपल्याकडे जुनीच रीत. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसं आली ती बहुतेक गाववाल्याचा हात धरून. गावाच्या खोलीत पथारी टाकायची, खाणावळीत जेवायचं आणि कुणीतरी जॉबरकडे घेऊन जाईल याची वाट बघायची. खात्यात माणूस घेणं बराच काळ जॉबरच्याच हाती होतं. या रीतीनं हजारो घरांत चूल पेटली. जॉबरला दस्तुरी द्यावी लागे, आणि ज्याचं आत कुणी नाही तो फाटकाबाहेरच राही, हेही तितकंच खरं.

आपल्याच माणसांच्या जाळ्याचा आणखी एक परिणाम असतो, तो सहज दिसत नाही. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादरच्या शाळांतल्या मराठी मुलांचा अभ्यास केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्या जातींतले पुरुष पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या ओळखीनं गिरणी-कारखान्यांत लागत आले होते, त्या घरांनी मुलग्यांना मराठी माध्यमातच ठेवण्याचं प्रमाण जास्त होतं. मुलगा तिकडे चिकटेल, ही खात्री होती ना! त्याच घरांतल्या मुलींना असं जाळं नव्हतं, म्हणून त्या इंग्रजी माध्यमाकडे लवकर वळल्या. आणि तोवर पांढरपेशा नोकऱ्यांचे पगार वाढू लागले होते. मराठी माध्यमाला मी नावं ठेवत नाही, मीही त्यातूनच आलो. मुद्दा एवढाच, की ज्या जाळ्यानं बापाला तारलं त्यानंच मुलाला जुन्या वाटेवर धरून ठेवलं.

मग कुणाकडे जायचं? अमेरिकेत बोस्टनजवळ न्यूटन नावाचं गाव आहे. तिथल्या नोकरदारांना मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं विचारलं, की तुम्हाला ही नोकरी कशी कळली? निम्म्याहून जास्त जणांना ती ओळखीतून कळली होती. पण ओळख कसली? १९७३ साली त्यानं जे आकडे दिले त्यांत, ज्याच्याकडून बातमी मिळाली त्या माणसाशी वरचेवर गाठ पडते असं म्हणणारे शंभरात सतराच्या आसपास होते. बाकी सगळ्यांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. कारण सरळ आहे. आपल्या जिवलग मित्राला जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. नवी बातमी दूरच्या माणसाकडे असते. मामाच्या ऑफिसातले गृहस्थ, दोन वर्षं पुढच्या वर्गात असलेली मुलगी, जुन्या चाळीतले शेजारी, अशी ही माणसं.

अशा माणसाकडे जाऊन 'नोकरी द्या' म्हटलं की तो अडचणीत येतो. नोकरी देणं त्याच्या हाती नसतं आणि नाही म्हणायची भीड पडते. 'बायोडेटा ठेवून जा' म्हणतो आणि विषय संपतो. पण 'तुमच्या कामाबद्दल वीस मिनिटं विचारायचं आहे' म्हटलं तर तोच माणूस खुर्ची पुढे ओढतो. आपल्या कामाबद्दल आस्थेनं विचारणारं घरीसुद्धा कुणी नसतं त्याला!

माझ्या माहितीतली एक मुलगी मायक्रोबायॉलॉजीची बी.एस्सी. झाली. वडील टेम्पो चालवतात, औषध कंपनीत ओळख असण्याचा प्रश्नच नव्हता. गल्लीतल्या औषधवाल्याकडे कंपनीचे प्रतिनिधी येतात. त्यांतल्या एकाला तिनं विचारलं आणि त्याच्या वहिनीपर्यंत पोचली. ती वहिनी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. मुलीनं वहीत प्रश्न लिहून नेले होते. तुमचा दिवस कसा जातो, नवीन माणसाला पहिले सहा महिने काय देतात, मुलाखतीत मुलं कुठे अडतात, जागा निघाली की आधी कुणाला कळतं. कळलं ते असं, की पुस्तकातल्या जंतूंपेक्षा नोंदवहीला जास्त मान आहे. निरीक्षण केल्याक्षणी लिहायचं, नंतर आठवून नाही. आकडा चुकला तर खोडरबर नाही, पांढरी शाईही नाही. एक आडवी रेघ, जुना आकडा वाचता यायला हवा, बाजूला सही आणि तारीख. पुढे वेगळ्याच कंपनीच्या मुलाखतीत तिला नेमकं हेच विचारलं. वहिनीनं कुणाला फोन केला नव्हता, चिठ्ठी दिली नव्हती. हा वशिला म्हणायचा का?

अशा भेटीचे थोडे रिवाज आहेत. आधी फोनवर वेळ मागावी. वीस मिनिटं म्हटलं असेल तर विसाव्या मिनिटाला आपणच उठावं. पगार किती, हे त्याला न विचारता या कामात साधारण काय मिळतं असं विचारावं. निघताना 'आणखी कुणाशी बोलू?' हे विचारायला विसरू नये. खरी कमाई पुष्कळदा त्या उत्तरात असते. आणि मागाहून दोन ओळी आभाराच्या. नोकरी दुसरीकडे लागली तरी त्या माणसाला कळवावं. बहुतेक जण इथेच कच्चे पडतात.

सरकारी भरतीचं मात्र निराळं. तिथे स्पर्धा परीक्षेला बसलेल्यानं खात्यातल्या माणसाला काम कसं चालतं हे जरूर विचारावं. पण 'आतून करून देतो' म्हणणारा भेटला आणि रकमेचा आकडा निघाला, की चहा अर्धा टाकून उठावं.

आणि ज्यांना खरंच कुणी नाही? त्यांनी आपल्या आयटीआयच्या किंवा कॉलेजच्या शिक्षकांकडे जावं. जुने विद्यार्थी कुठे कुठे लागले हे त्यांना तोंडपाठ असतं, आणि ते विचारायला येणारं क्वचितच कुणी असतं. आज ऐकणाऱ्यांत नोकरीला असलेलेही पुष्कळ असतील. त्यांच्याकडे भाच्याचे, पुतण्यांचे फोन येतच असतात. एखादा फोन अनोळखी आवाजाचा आला, जरा अडखळत बोलणारा, तर रविवारची वीस मिनिटं त्याला द्यावीत.