ताप, पाठदुखी आणि महाधमनी



हृदयाचे चित्र काढताना आपण त्याच्या माथ्यावर जी जाड, वाकलेली नळी दाखवतो, ती महाधमनी. छातीतून ती पोटात उतरते. तेथे तिची रुंदी सुमारे २ सेंटिमीटर असते. रक्तातले जंतू तिच्या भिंतीत शिरले, की भिंत झिजते व फुगते. १८८५ साली डॉ. विल्यम ऑस्लर यांनी या फुगवट्याला बुरशीवरून नाव दिले. पण अपराधी बहुधा सॅल्मोनेला किंवा स्टॅफिलोकॉकस हे जीवाणू असतात. कच्च्या दुधातून येणारा ब्रुसेलाही क्वचित तेथवर पोहोचतो. म्हणून घरचे दूध असले तरी ते उकळूनच प्यावे.

हा आजार दुर्मिळ आहे, पण घातक आहे. असा फुगवटा लहान असतानाही फुटू शकतो. वय झालेल्या, मधुमेही किंवा विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाचा ताप हटत नसेल आणि सोबत पोट वा पाठ दुखत असेल, तर 'उसाच्या कामाने पाठ भरली' म्हणून गप्प बसू नका.

आपल्याकडे ताप आला, की दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या आणतात. अशा अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, मात्र तपासणीत सापडेनासे होतात. जंतू ओळखण्यासाठी रक्ताचे कल्चर करतात. त्याचे रक्त प्रतिजैविक देण्यापूर्वी घेणे उत्तम. फुगवटा सोनोग्राफीत दिसू शकतो. त्याचे खरे रूप रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये कळते.

उपचारात अनेक आठवडे शिरेतून प्रतिजैविके देतात व पुढे कित्येक महिने गोळ्या. बहुधा शस्त्रक्रियाही लागते. सडलेला भाग काढून रक्ताला नवी वाट करून देतात, किंवा जांघेतून आत जाळीची नळी बसवतात. नळी बसली तरी जंतू उरू शकतात. म्हणून बरे वाटले तरी औषध मनाने थांबवू नये.

बारामतीत २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पुणे गाठावे लागले, तर इंदापूरहून ते सव्वाशे किलोमीटरांहून दूर आहे. तेव्हा वेळ घरी दवडू नये.

विद्यार्थी मित्रहो, घरात आजी-आजोबांना ताप आला, तर वहीत तारीख, ताप आणि दिलेल्या औषधाचे नाव लिहा. ते पान डॉक्टरांपुढे ठेवा. शिकलेल्या मुलाकडून घराला एवढा उपयोग झालाच पाहिजे.