औषधाची विद्या गांवांत हवी
(सापगांव येथें दिलेलें भाषण)



15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. चांगलें झालें. पण आम्ही पाहतों, दुखणें अंगावर काढायचें, भगताला कोंबडें द्यायचें, आणि बळावल्यावर कर्ज काढून ठाण्यास धांवायचें!

जामखेडास 1970 सालीं काम सुरू करून डॉक्टर रजनीकांत व मेबल आरोळे या दांपत्यानें गांवोगांवच्या बायाच शिकविल्या. पुष्कळ निरक्षर, कित्येक अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या. सुखरूप बाळंतपण, जुलाबाला मीठसाखरेचें पाणी, मुलांचें वजन, सारें त्या शिकल्या. हजारीं 176 बालकें दगावत, तीं पांचसहा वर्षांत 52 वर आलीं. वेदांसारखी हीही विद्या कोंडून ठेवावी काय?

आपल्या आशाताईला अर्धी डॉक्टरीण म्हणून हिणवूं नका. तिच्या पेटींत औषधें आहेत कीं नाहींत, हें येत्या ग्रामसभेंत विचारा. आम्हीही विचारणार आहों.