कुलूप आधीं, किल्ली मागाहून

स्वयंपाकघरांतील खणाच्या तळाशीं, चमच्यांखालीं पडलेल्या लोखंडी ओपनराची आठवण एरवीं कोणास होत नाहीं. तो वेळेवर सांपडला नाहीं, म्हणजे मात्र सारें घर त्याच्या शोधास लागतें!

या हत्याराच्या इतिहासांत कुलूप आधीं झालें आणि किल्ली मागाहून आली. धातूच्या डब्यांत अन्न टिकविण्याचें पेटंट इंग्लंडांत पीटर ड्युरंड यांस १८१० सालीं मिळालें. ते डबे कलई केलेल्या जाड लोखंडी पत्र्याचे असत. छिन्नी-हातोड्यानें ते फोडावे लागत. रणांगणावरील भुकेला शिपाई त्यांवर संगीनच चालवी. डब्यासाठीं खास हत्यार रॉबर्ट येट्स या इंग्रजानें १८५५ सालीं बनविलें. म्हणजे मध्यें ४५ वर्षें लोटलीं! पत्रा पातळ झाला, तेव्हां कोठें हातानें डबा कापणें सोपें झालें. पुढें १८७० सालीं अमेरिकेंत विल्यम लायमन यानें पात्याऐवजीं धारदार चाक योजिलें. डब्याच्या मध्यावर टोंच रोवून तें चाक कडेनें फिरवावयाचें, अशी ती युक्ति होती.

बाटलीच्या बाबतींत इतका विलंब झाला नाहीं. बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यानें दांतेरी कडेच्या पत्र्याच्या बुचाचें पेटंट १८९२ सालीं घेतलें आणि तें उचकटणाऱ्या ओपनराचें १८९४ सालीं. या ओपनरांत तरफेचेंच तत्त्व आहे: एक ओठ बुचावर टेकतो, दुसरा कडेखालीं शिरतो आणि दांडा उचलतांच बूच सुटतें.

अशा जुन्या ओपनरांचा संग्रह करणारे रसिक देशोदेशीं आहेत. बैलाचें मुंडकें असलेला इंग्रजी बिडाचा ओपनर त्यांस विशेष प्रिय. १९४२ सालीं अमेरिकन सैन्यासाठीं तयार झालेला ‘पी-३८’ तर जेमतेम दीड इंचाचा. शिपाई तो गळ्यांतील ओळखपट्टीबरोबर अडकवीत.

मात्र संग्रह करतांना एक विवेक हवा. चकचकीतपणाच्या हौसेनें जुनें लोखंड कानशीनें घासलें, तर त्यावरील पेटंटाचा आंकडा व कारखान्याचें नांव पुसून जातें, आणि त्याबरोबर वस्तूचा इतिहासही जातो. मऊ कापडानें धूळ पुसावी, बिजागरीस तेलाचा थेंब द्यावा, एवढें पुरे. गंजलेलें पातें अन्नास मात्र लावूं नये. तें कपाटांतच शोभतें. परंतु ज्याची धार व पकड शाबूत आहे, तो ओपनर अधूनमधून हातीं घ्यावा. काम करण्यासाठीं जन्मलेल्या वस्तूचा खरा मान कामांतच असतो.