नळीत कोणी फुंकायचं?



एखादा अपघात झाला की मागणी होते, महापालिकेच्या कामगारांची नशेसाठी तपासणी करा. करा म्हणणं सोपं. कोणाची करायची हे ठरवायला बसलं की घोडं अडतं. सरसकट सगळ्यांची म्हटलं तर जन्मदाखल्याच्या खिडकीतला कारकूनही रांगेत उभा राहणार. त्याला नळीत फुंकायला लावून सोलापूरकरांच्या पदरात काय पडणार?

निवडीची फूटपट्टी गावातच आहे: आपल्याकडे रेल्वेचं विभागीय कार्यालय आहे. रेल्वेने नजरेच्या तपासणीसाठी नोकऱ्यांचे तीन गट केव्हाच पाडलेत. 'ए' म्हणजे जनतेच्या जिवाशी गाठ असलेली कामं. 'बी'मध्ये धोका स्वतःला किंवा सोबतच्या कामगाराला. 'सी' फक्त प्रशासनाच्या सोयीसाठी.

हीच फूटपट्टी पालिकेला लावून बघा. सिटी बसचा आणि अग्निशमन बंबाचा चालक 'ए'मध्ये, यात वाद नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 आहेच: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. घंटागाडीवालाही त्यातच, बोळात गाडी मागे घेताना पोरंटोरं आजूबाजूला असतात. पण जलशुद्धीकरण केंद्रावर रात्रपाळीला क्लोरीनचा सिलिंडर सांभाळणारा? रस्त्यावर दिसत नाही म्हणून तो यादीतून सुटतो. मी त्याला पहिल्या पानावर घालीन. उलट पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला उशीर झाला तर आख्खी पेठ शिव्या घालते, कारण पाणी काही रोज येत नाही! पण त्यात कोणाचा जीव जात नाही. तो 'सी'.

'बी' गट मला जास्त खुपतो. ड्रेनेजमध्ये उतरणारे कित्येक जण घोट घेऊनच उतरतात. शुद्धीत ती घाण सोसवत नाही. संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. त्याच्या तोंडाचा वास घेण्याआधी, त्याला आत कोणी उतरवलं ते विचारा.

शिवाय नळीला फक्त दारू कळते. 2023 मध्ये आपल्याच चिंचोळी एमआयडीसीत पोलिसांनी मेफेड्रोनचा कारखाना पकडला. तसली नशा फुंकून कळत नाही, लघवी तपासावी लागते. आणि लघवीत गांजाचा अंश कित्येक दिवस टिकतो. रविवारी ओढून गुरुवारी शुद्धीत स्टिअरिंगवर बसलेला आणि काही तासांपूर्वी ओढून आलेला, अहवालात दोघेही दोषी ठरू शकतात. खोकल्याच्या काही औषधांतलं कोडीनही अफूच्याच कुळातलं. म्हणून पहिल्याच तपासणीवर निलंबन नको. प्रयोगशाळेतली दुसरी हवी. औषधं कोणती चालू आहेत, हे डॉक्टरने आधी विचारावं, तेही दार लावून, मुकादमासमोर नव्हे.