पाठ करण्याआधी पाहू या

(विहाराच्या वर्धापनदिनी पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



मूल सहावी-सातवीत गेले की घरोघरी तक्रार ऐकू येते, "आमच्या पोराला विज्ञान जमत नाही." आम्ही संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेतो. आमचा अनुभव असा की, पोरांना विज्ञान जमते. कंटाळा येतो तो नुसत्या व्याख्यांचा. वेगाची व्याख्या पोरगी धडाधडा म्हणून दाखवते, पण वेग तिने कधी मोजलेला नसतो.

त्यासाठी लांब जायला नको. बेगडेवाडीहून लोकलमध्ये बसा. रुळाच्या कडेला किलोमीटरच्या पाट्या असतात. एका पाटीपासून पुढच्या पाटीपर्यंत किती सेकंद लागले ते घड्याळात बघा. ३६०० ला त्या सेकंदांनी भागा. ६० सेकंद लागले तर वेग ताशी ६० किलोमीटर, ९० लागले तर ४०. मात्र हे गाडीत आत बसूनच करायचे. दारात लटकायचे नाही आणि रुळांजवळ तर फिरकायचेच नाही!

आपल्या मावळात पाऊस दणकून पडतो. घरात बसल्या बसल्या, वीज चमकली की सेकंद मोजायला लागा. प्रकाश लगेच दिसतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. म्हणजे तीन सेकंदांनी गडगडाट आला, तर वीज साधारण एक किलोमीटरवर. कालपर्यंत गोधडीत तोंड लपवणारं लेकरू मग आकडे सांगू लागतं.

आता पालकांना एक विनंती. प्रयोग करण्याआधी मुलाला विचारा, "तुला काय वाटतं?" वही आणि कागदाचा सुटा तुकडा एकाच उंचीवरून सोडा. वही आधी पडते. मुले म्हणतात, जड म्हणून. मग वहीपेक्षा लहान असा तो तुकडा वहीवर ठेवून वही आडवीच सोडा. दोन्ही बरोबर खाली येतात! कागदाला अडवणारी होती ती हवा. १९७१ साली अपोलो-१५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर, जिथे हवा नाही तिथे, हातोडा आणि पीस एकदम सोडले. दोन्ही एकाच वेळी पडले. अंदाज चुकला तर पोराला रागावू नका. तिथेच शिकणे सुरू होते.

साहित्याला पैसे लागत नाहीत. पुण्यात टेल्कोमध्ये इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन होशंगाबादच्या खेड्यांतील विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे एवढ्यावर त्यांनी मुलांना आकार शिकवले. काड्यांचा चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही. म्हणून विजेच्या उंच मनोऱ्यांवर त्रिकोणच त्रिकोण दिसतात. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

बंधू-भगिनींनो, आय.टी.आय. असो, डिप्लोमा असो की इंजिनिअरिंग, तिथे हेच विज्ञान लागते. सातवीत बसलेल्या भीतीमुळे आपल्या मुलामुलींची ही वाट बंद होऊ नये. स्वतः पडताळून पाहा, ही शिकवण आपल्याला नवी नाही. तेव्हा आज घरी गेल्यावर "किती मार्क पडले?" याऐवजी "आज काय मोजलंस?" असे विचारा, आणि उत्तर ऐकायला पाच मिनिटे तिच्याजवळ बसा.

जयभीम!