ताराबाई मोडक आणि आपली पोरं

(महिला मेळाव्यात बालवाडीच्या कार्यकर्तीने केलेलं भाषण)



आज ताराबाई मोडकांची आठवण काढायची आहे. अंगणवाडी हा शब्द आता सरकारी झालाय, पण ती सुरू झाली आपल्याच, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला.

ताराबाईंचा जन्म 1892 चा, मुंबईचा. 1914 साली बी.ए. झाल्या. लग्न अमरावतीच्या वकिलाशी झालं, ते टिकलं नाही. पदरात लहान लेक, प्रभा. राजकोटला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. एकटी बाई, लेकरू आणि नोकरी. लोक काय बोलले असतील ते तुम्हाला सांगायला नको. तीही मानाची नोकरी सोडली आणि भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात आल्या. गिजुभाई बाप्या माणूस, पण लोक त्यांना मिशीवाली आई म्हणत. भावांनो, हे ऐकून ठेवा!

1945 ला त्या बोर्डीला आल्या. वय 53. संगतीला अनुताई वाघ. बालवाडी काढली, पण गरिबाची पोरं तिथं येईनात. मग बाईंनी बालवाडीच उचलली आणि वस्तीत, घरापुढच्या अंगणात नेली. विकतचं सामान नाही. शिंपले, बिया, खडे, पानं, काटक्या, यांवरच मोजायला शिकायचं. पुढं कोसबाडच्या टेकडीवर दुसरी अडचण दिसली. आई मजुरीला गेली की थोरली पोर धाकट्याला कडेवर घेऊन घरी बसते, ती शाळेत कशी येणार? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका जागी केली. तिचं नाव विकासवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणातच शाळा, कुरणशाळा. हे मला फार मोलाचं वाटतं. आज गुरुजी पोर आलं नाही की गैरहजेरी मांडतात नि मोकळे होतात.

आता एक खरं बोलते. त्याच 1945 साली गोदावरीबाई परुळेकरांबरोबर वारली वेठबिगारीविरुद्ध उठला. ताराबाई त्या लढ्यातल्या नव्हत्या. जमीन कुणाची, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला नाही. त्यांना 1962 ला पद्मभूषण मिळालं, पण वारल्याचा प्लॉट वारल्याच्या नावावर नव्हताच. म्हणून काही कार्यकर्ते म्हणतात, बालवाडीचं काम म्हणजे मलमपट्टी.

मला ते पटत नाही. जंगलजमिनीच्या दाव्याला पूर्वी 1978 पर्यंतच्या लागवडीचा पुरावा मागायचे. आपल्याकडे दंडाच्या पावत्या आहेत, कुणाच्या कुडात खोचलेल्या, कुणाच्या डब्यात. कुठं नाव चुकलंय, कुठं साल पुसलंय. पावती हातात पडली तेव्हा घरात वाचणारं कुणी असतं तर तिथंच बोललो असतो. आणि मोर्चाला बायका कमी का येतात? पोर कुणाकडं ठेवायचं, हेच कारण पाड्यापाड्यात ऐकते.

ताराबाई 1973 ला गेल्या. त्यांच्या नावानं आपण इतकं करू. दर मीटिंगला बाजूला एक पाळणा बांधायचा. पोरांपाशी दोघांनी बसायचं, त्यातला एक बाप्या. आणि प्रत्येक पाड्यातल्या चौथी शिकलेल्या पोरीनं पावत्या वाचून वहीत उतरवायच्या, नाव, साल, दंडाची रक्कम. पुढच्या मीटिंगला वह्या घेऊन या. पाळण्याचा दोर मी आणते.